उजवीकडे हृदय असलेली नऊ माणसं

१

"ही माझ्या भावाची छाती नाही."

एवढं बोलून त्यानं पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

माझ्याकडे येणारी माणसं असं बोलत नाहीत. ती म्हणतात, बाई, मुलीच्या लग्नाचे फोटो चार-चारदा झालेत, कॉम्प्युटर भरून गेलाय, तेवढं साफ करून द्या. मी एकसारख्या फायली शोधते, जादा असतील त्या काढते. दोन फायली एकीसारखी एक दिसत असतील तर त्यांत नेमका कुठं फरक आहे तेही सांगते. वकील येतात, छापखानेवाले येतात. पंचवीस वर्षं हेच करतेय. गल्लीत मला जुळेबाई म्हणतात. पहिल्यांदा येणारा माणूस माझ्याकडं जुळी पोरं शोधतो आणि हिरमुसतो.

हा माणूस चाळिशीतला होता. अंगावर कारखान्याच्या गेटवाल्याचा खाकी सदरा. खांद्यावरची पिशवी उतरवताना उजवा हात अर्ध्यावर अडखळला, मग त्यानं ती डाव्या हातानं ओढून काढली.

"बसा, भाऊ. पहिल्यापासून सांगा."

त्याचा थोरला भाऊ, ज्याला तो दादा म्हणत होता, दगड दळून पिठासारखी पूड करणाऱ्या कारखान्यात चाळणी विभागात होता. बावीस वर्षं. तीन आठवड्यांपूर्वी गेला. शेवटी श्वास पुरेना म्हणून मोठ्या इस्पितळात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि विचारलं, याआधीचा आहे का? होता. गेल्या वर्षी यंत्र आणल्यापासून कारखाना दर वर्षी प्रत्येकाच्या छातीचा फोटो काढतो. आठ महिन्यांपूर्वीचा मागवून घेतला. तो स्वच्छ.

"डॉक्टर म्हणाले, अशी छाती आठ महिन्यांत अशी होतच नाही. हा फोटो दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

"कंपनी काय म्हणते?"

"फोटोवाल्यानं दोघांची नावं उलटसुलट लावली म्हणे. त्याला घरी बसवलंय. तो बिचारा शपथा घेतोय." त्यानं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "ताई, मला एवढंच सांगा. ही छाती कुणाची? दादा स्वतःच्या नावावर दुसऱ्याची छाती घेऊन मेला. ज्याची आहे तो कुठं आहे?"

मी दोन्ही फोटो पडद्यावर शेजारीशेजारी लावले. एका फोटोत बर्फ पडल्यासारखी ठिपक्यांची दाटी होती. दुसरा काळाभोर, निर्मळ.

तेव्हाच माझ्या मनात एक शंका आली. नावं उलटसुलट झाली असतील, तर दादाची ही ठिपक्यांची छाती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेली असणार. तो माणूस धडधाकट असून कागदावर आजारी ठरला असता आणि त्यानं बोंब मारली असती.

"या वर्षी कारखान्यात किती जण आजारी निघाले, भाऊ?"

"एकही नाही," तो म्हणाला.

म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. कुणीतरी नक्कल केली होती.

२

कामगार अधिकाऱ्यांनी आधीच हुकूम काढला होता की फायली बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्याव्यात, आठ दिवसांत. गेटवाल्यानं माझं नाव सुचवलं. कंपनीनं लगेच होकार दिला. लग्नाचे फोटो साफ करणारी बाई कंपनीचं काय वाकडं करणार!

दुसऱ्या दिवशी या वर्षीच्या चारशे बारा फायली माझ्याकडं आल्या. एका माणसाची एक.

फायलीच्या नावावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. नाव बदलायला काही लागत नाही. तारीखही बदलता येते, फक्त ते कुणाला तरी सुचावं लागतं. मी फाईल आतून वाचते. आतला मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत चाळून माझा प्रोग्रॅम त्याचा एक छोटा आकडा काढतो, फाईलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. दोन ठसे जुळले की फायली जुळ्या. मग त्यांची नावं काहीही असोत.

यंत्र चालवलं आणि चहा ठेवला. चहा उकळायच्या आत उत्तर आलं.

जुळ्या फायली: शून्य.

मी यंत्र पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. चारशे बारा माणसं, चारशे बारा वेगळे ठसे. गेटवाला समोरच बसला होता. "म्हणजे काहीच नाही?" त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात सुटका होती की निराशा, हे मला कळलं नाही.

मग मी फोटोच्या कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं काळ्या पट्टीत माणसाचं नाव आणि क्रमांक होता. प्रत्येक फोटोत नाव वेगळं, म्हणजे फाईल वेगळी, म्हणजे ठसाही वेगळा. एकाच माणसाला चारशे टोप्या घातल्या तरी माझं यंत्र चारशे माणसं मोजणार. मी सगळ्या फोटोंची ती पट्टी कापून टाकली आणि फक्त छातीशी छाती लावून पाहिली.

या खेपेला यंत्र बराच वेळ थांबलं.

बावीस.

बावीस माणसांची एकच छाती. फासळी न् फासळी तीच, एका ठिपक्याचाही फरक नाही. एकाच माणसाचे लागोपाठ काढलेले दोन फोटोसुद्धा असे कधी जुळत नाहीत. मधे श्वास हलतोच.

गेटवाला उठून माझ्या मागं येऊन उभा राहिला. बावीस नावं त्यानं ओठ हलवत वाचली. ती सगळी माणसं त्याच्या गेटातून रोज आत जात होती.

"ताई," तो म्हणाला, "यात दादाचं नाव नाही."

३

खरंच नव्हतं. ज्या एका फोटोसाठी हा खटाटोप, तोच कुठल्याही जुळ्यात बसत नव्हता.

त्या बावीसांतला एक फोटो आणि दादाचा फोटो मी शेजारी लावले आणि दुपारभर बघत बसले. मला छातीतलं काही कळत नाही. पण फरक बघण्यात माझं उभं आयुष्य गेलंय. बावीसांच्या फोटोत गळ्याखालच्या आडव्या हाडावर एका बाजूला बांबूच्या पेरासारखी बारीक गाठ होती. तशीच गाठ दादाच्या फोटोतही होती. पण दुसऱ्या बाजूला.

कुणीतरी फोटो उलटा केला होता, कापडाची सुलट उलट करावी तसा.

मी सगळ्या छात्या उलट्या करून पुन्हा लावून पाहिल्या. आणखी नऊ सापडल्या. त्यांत दादा होता. बावीस आणि नऊ, एकतीस.

गेटवाल्याला घरी पाठवलं आणि मी फोटोवाल्याकडं गेले. दोन खोल्यांचं घर होतं, दारात ओले लंगोट वाळत होते. माणूस भाजी निवडत बसला होता. एकतीसचा आकडा ऐकला आणि हातातली जुडी तशीच राहिली.

"एकतीस? बाई, एखादी चूक माझ्या हातून झालीही असेल म्हणून मी रात्रंदिवस डोकं फोडून घेतलं. पण एकतीस चुका होत नाहीत."

"फोटो उलटा झाला तर ओळखता येतो?"

"शेंबडं पोरही ओळखेल. हृदय उजवीकडं जातं. बाहेरचा डॉक्टर फोटो उलटा लागलाय समजून सुलटा करून बघतो." त्यानं जुडी खाली ठेवली. "किती उलटे आहेत?"

"नऊ."

"आणि डॉक्टरांनी सही केली?"

मी यादी उलगडून दाखवली. या एकतीस फायली कधी साठवल्या गेल्या त्या वेळा मी आतून काढल्या होत्या. सहा वेगवेगळे दिवस, सगळ्या दुपारी एक ते दोनच्या मधे, जेवणाच्या सुट्टीत. त्याची बायको आतून आली, तिनं यादीवर बोट ठेवलं. "हे दोन दिवस तर आपण इस्पितळात होतो. नातीच्या वेळी. दोन्ही दिवस हे तिथून हलले नव्हते." तिनं बाळाचा कागद आणून दाखवला. तारीख जुळली.

तारीख खोटी असू शकते, हे खरं. पण नक्कल करणाऱ्यानं तारखा बदलल्याच असत्या, तर जेवणाची सुट्टी कशाला ठेवली असती? ज्याला लपवता येतं तो इतकं सारखं वागत नाही.

"फोटो साठवायचा कॉम्प्युटर प्रथमोपचाराच्या खोलीत आहे ना? त्या वेळेला तिथं कोण असतं?" मी विचारलं.

फोटोवाला पुन्हा भाजी निवडायला लागला. जुडी संपली तरी तो नुसते देठ खुडत राहिला.

४

कारखान्यात शिरलं की पहिल्यांदा कळतं ते जिभेला. दातांत कचकच येते. खिडक्यांच्या काचा आतून पांढऱ्या झालेल्या, झाडाची पानं पांढरी, चाळणी विभागातून बाहेर येणारी माणसं भुवयांपर्यंत पांढरी. गेटपाशी मात्र हवा बरी होती. गेटवाल्यानं मला आत सोडताना वहीत माझं नाव लिहिलं आणि नजर दिली नाही.

मॅनेजरसाहेबांनी पाणी मागवलं. गोड बोलणारा माणूस.

"फोटोवाल्याचा निष्काळजीपणा. आम्ही कारवाई केली. आणखी काय हवंय?"

"एकतीस जणांचा निष्काळजीपणा?"

त्यांचा पेला ओठाशीच थांबला. मला वाटलं, सापडला. कारण सरळ होतं. छात्या स्वच्छ असल्या की धुळीबद्दल कुणी बोलत नाही. पण त्यांचं आश्चर्य खरं होतं, आणि त्यापाठोपाठ जे आलं तेही. त्यांचे डोळे लकाकले. काहीतरी उपयोगाचं हाती लागल्यासारखे.

डॉक्टर मंगळवारी येतात, तो मंगळवारच होता. सत्तरीचे गृहस्थ. कॉम्प्युटर स्वतः उघडता येत नाही, सिस्टर उघडून देतात.

"डॉक्टर, तुमच्या कारखान्यात उजवीकडे हृदय असलेली नऊ माणसं आहेत."

ते हसले. मी नऊ कागद मांडले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. नवव्या कागदापर्यंत पोचले नाहीत.

"एका बैठकीत सत्तर फोटो असतात, बाई," ते हळूच म्हणाले. "सत्तर. मी... स्वच्छ दिसला की पुढं जातो."

पलीकडं सिस्टर मलमपट्टीच्या डब्या लावत होती. पन्नाशीची, ताठ पाठीची बाई. मी तिला विचारलं, "फोटोचं यंत्र आलं त्या पहिल्या वर्षी किती जण आजारी निघाले होते?"

"एकोणीस," ती वळूनही न बघता म्हणाली.

वही नाही, कागद नाही. जिभेच्या टोकावर होता तो आकडा.

मॅनेजरांनी का कोण जाणे, पहिल्या वर्षीच्या फायलीही लगेच दिल्या. घरी येऊन मी त्या लावल्या. खरेच एकोणीस होते. कागद वाचले. एकोणीसही जणांना 'प्रकृतीच्या कारणास्तव' कामावरून कमी केलेलं. कंपनीच्या चाळीतली खोली एका महिन्यात रिकामी.

तेव्हा माझा मॅनेजरवरचा संशय गळून पडला. आजार लपवणं हे कंपनीचं काम असतं, तर पहिल्या वर्षीच लपवलं असतं. कंपनीला लपवायची गरजच नव्हती, ती आजारी माणूसच काढून टाकत होती. नकलेचा फायदा एकाच माणसाला होता. ज्याच्या नावावर ती लागली त्याला. त्याची नोकरी राहात होती, डोक्यावरचं छप्पर राहात होतं.

दादाचा पहिल्या वर्षीचा फोटो काढला. तो खरा होता, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात शेरा: किंचित धूसर, पुढच्या वर्षी पाहू.

म्हणजे पुढच्या वर्षी काय दिसणार, हे दादाला ठाऊक होतं.

शेवटचं काम उरलं होतं. मूळ छाती. नकला केलेल्या फोटोंत नावाची पट्टी वरून चिकटवलेली होती, तिच्याखाली सपाट काळं. यंत्रातून निघालेल्या फोटोत तसं नसतं. पहिल्या वर्षीच्या फायलींत मी गाठीचं हाड शोधायला लावलं. एकच जुळली. पट्टी अस्सल, गाठ उजव्या हाडावर, हृदय जागच्या जागी.

नाव वाचलं आणि मी पडदा बंद केला. ते नाव मी चार दिवसांपूर्वी माझ्याच वहीत लिहून घेतलं होतं, पेन ड्राइव्ह घेऊन आलेल्या माणसाचं.

५

बुधवारी एक वाजता मी प्रथमोपचाराच्या खोलीत गेले. सिस्टर डबा उघडून बसली होती, पण जेवत नव्हती.

"बसा," ती म्हणाली. "तुम्ही काल आकडा विचारलात तेव्हाच मला कळलं."

मी खुर्ची ओढली. ती स्वतःच बोलत गेली.

"यंत्र आलं तेव्हा मी किती खूष होते म्हणून सांगू. म्हटलं, आता वेळेवर कळेल, उपचार होतील. एकोणीस जणांना मीच समोर बसवून सांगितलं. तुमच्या छातीत डाग आहे, घाबरू नका, कंपनी बघेल." तिनं डब्याचं झाकण लावलं. "कंपनीनं बघितलं. महिन्याभरात एकोणीस बिऱ्हाडं रस्त्यावर. दुसरीकडं कोण ठेवणार अशा माणसाला? त्यातले पाच गेले. पाचव्याच्या बायकोनं मला भर बाजारात गाठलं. म्हणाली, तू सांगितलं नसतंस तर तो निदान कामावर मेला असता, पोरांच्या डोक्यावर खोली तरी राहिली असती."

"मग दुसऱ्या वर्षी?"

"दादा आला. ह्याच खुर्चीत बसला. म्हणाला, सिस्टर, माझं पुढच्या वर्षी निघणार. पोरीची शाळा संपायला तीन वर्षं आहेत. तीन वर्षं मला स्वच्छ ठेवा. मी नाही म्हटलं. तो रोज यायला लागला. मग बाकीचे आले. एकेकाचं तोंड बघून..." तिनं डबा बाजूला सारला. "स्वच्छ छाती कुठून आणायची, हेही त्यानंच सांगितलं. माझ्या भावाची घ्या, तो गेटवर असतो, धुळीत कधी गेला नाही. सगळे सारखे दिसतील म्हणून मी काही उलटे केले. उलट केल्यावर हृदय सरकतं हे माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, आता डॉक्टर पकडतील. खरं सांगू? पकडावं असं वाटत होतं."

"आणि खरे फोटो? त्या एकतीस जणांचे?"

"त्यांच्यावरच नकला ठेवल्या. नाव तेच, जागा तीच. जुने पुसले गेले."

"यंत्रात?"

"यंत्रात फक्त शेवटचे शंभर राहतात."

मी खिडकीकडं पाहिलं. तीस जिवंत माणसं तिकडं चाळणीत उभी होती, आणि कुणाच्या छातीत आता किती धूळ बसलीय हे सांगणारा एकही कागद जगात उरला नव्हता.

"तुम्ही लिहिणार," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"फोटोवाला घरी बसलाय, सिस्टर."

"माहितीये. त्याच्या नातीला मीच टोचलंय." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "लिहा."

६

गेटवाल्याला सांगायला मी त्याच्या घरी गेले. चाळीतली शेवटची खोली. दादा गेल्यापासून तो वहिनी आणि पुतणीसोबतच राहात होता. खोली दादाच्या नावावर, आणि ती दोन महिन्यांत सोडायची होती.

"लहानपणी कुठून पडला होतात का, भाऊ? उजवा खांदा?"

त्याला आठवेना. वहिनी म्हणाली, "सासूबाई सांगायच्या. दोन वर्षांचे असताना माळ्यावरून पडले. ह्यांच्याच हातून, खेळवताना. पुढं कित्येक दिवस झोळीत हात बांधून होता."

मग मी सांगितलं. छाती कुणाची ते, आणि ती कुणी दिली तेही.

सदऱ्याचं वरचं बटण उघडून त्यानं बोटानं ते हाड चाचपलं. गाठ सापडली असावी, कारण बोट तिथंच थांबलं.

"रोज गेटवर विचारायचा मला," तो म्हणाला. "काय रे, खोकला नाही ना, ताप नाही ना? मला वाटायचं, किती जीव आहे ह्याचा माझ्यावर."

"होताच," वहिनी म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दिली असती का?"

"दिली असती!" तो ओरडलाच. मग खाली बसला. "दिली असती, वहिनी. पण मग त्याला दवाखान्यात तरी नेला असता फरफटत." जरा वेळानं तो माझ्याकडं वळला. "ताई, हे नका लिहू. यंत्र बिघडलं होतं म्हणा. तीस घरं आहेत."

वहिनीनं पदर खोचला. "अन् फोटोवाल्याचं घर नाही? शिवाय लिहिलं नाही तर तीसही जण उद्या सकाळी आत जाणार. ह्यांना मी शेवटचे दोन महिने उशाला टेकून बसवून झोपवलंय. आडवं होता यायचं नाही. लिहा तुम्ही."

तो मान हलवत राहिला. हो म्हणतोय की नाही, ते त्यालाही ठाऊक नसावं. दोघांचंही बरोबर होतं. आयुष्यभर मी दोन फायली समोर ठेवून यातली कुठली ठेवायची हे सांगत आलेय. त्या खोलीतून मी काही न सांगता उठले.

७

अहवाल मी तीन पानांचा लिहिला. पहिल्या पानावर धूळ लिहिली. दुसऱ्या पानावर ते एकोणीस जण, त्यांना काय सांगितलं गेलं आणि त्यांचं पुढं काय झालं. नक्कल कुणी केली हे तिसऱ्या पानावर, सगळ्यात खाली.

कामगार अधिकारी भला माणूस होता. त्यानं तिन्ही पानं नीट वाचली, मग पहिली दोन बाजूला ठेवली.

"बाई, हुकमात एकच प्रश्न आहे. फाईल कुणी बदलली? धुळीसाठी वेगळा अर्ज लागतो."

"मग मी करते अर्ज."

"तुम्हाला करता येत नाही. कामगारानं करायचा असतो. कामावर असलेल्या."

मला तेव्हा मॅनेजरच्या डोळ्यांतली लकाकी आठवली आणि पहिल्या वर्षीच्या फायली एवढ्या तत्परतेनं का मिळाल्या, ते कळलं. त्यांना मूळ छाती सापडायलाच हवी होती, म्हणजे सगळा दोष कामगारांवर जाणार होता.

पंधरा दिवसांत सगळं झालं. फोटोवाला कामावर परत आला. सिस्टरला काढलं, तिच्यावर खटला भरला. तीस जणांचे नवे फोटो काढले. सव्वीस जणांच्या छातीत डाग निघाले, त्यांना प्रकृतीच्या कारणास्तव कमी केलं. उरलेल्या चौघांना कंपनीची फसवणूक केली म्हणून. कागदोपत्री कंपनीच फसली होती, कामगारांनी तिला फसवलं होतं. आणि पुरावा माझ्या सहीचा.

अर्ज करायला त्या तिसांतलं कामावर कुणी उरलं नाही. आत जे होते त्यांच्यापैकी एकाकडं मी स्वतः गेले. त्यानं दारातूनच हात जोडले.

मी सिस्टरला भेटायला गेले होते. तिनं चहा दिला, इकडचं तिकडचं बोललो. निघताना म्हणाली, "त्या सव्वीस जणांना या खेपेला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, माहीत नाही, बहुतेक नुसती चिठ्ठी दिली. ती म्हणाली, "बरं झालं," आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर महिन्याभरानं, एका सकाळी दहाच्या सुमाराला गेटवाला आला. खाकी सदरा नव्हता, निळा होता. निळा सदरा आतल्या माणसांना देतात.

"चाळणीत घेतलं मला," तो म्हणाला. "एकदम तीस जागा रिकाम्या झाल्या ना. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, तुझी छाती सगळ्यात स्वच्छ आहे, सरकारी कागदावर आलंय. दादाच्या जागेवर ये, खोली वहिनीकडंच राहील."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"पुतणीची दोन वर्षं राहिलीत, ताई."

मी खूप काही बोलले. दुसरं काम बघू म्हटलं, माझ्या ओळखीचे छापखानेवाले आहेत म्हटलं, वहिनींना काय वाटेल म्हटलं. तो ऐकत होता, मोठ्या माणसाचं ऐकावं तसं, खाली बघून. छापखान्यात राहायला खोली देतात का, एवढंच त्यानं विचारलं. देत नाहीत.

"वहिनी दोन दिवस बोलली नाही," तो म्हणाला. "काल तिनं जुन्या धोतराचं फडकं शिवून दिलं, नाकाला बांधायला."

मग त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"यात माझ्या छातीचा फोटो आहे, कालच काढला, आत जायच्या आधी. फोटोवाल्यानं गुपचूप दिला. कारखान्यातल्या फायलींचा आता काय भरवसा! तुमच्याकडं ठेवा. पुढच्या वर्षीचा आणून देईन, तेव्हा दोन्ही ताडून सांगा. खरं सांगा पण."

त्याची पाळी साडेदहाला होती. तो गेला.

मी त्याच्या नावाचा एक फोल्डर केला आणि ती फाईल आत ठेवली. सवयीनं यंत्र चालवलं. ते लगेच थांबलं, कारण ताडायला अजून दुसरी फाईल नव्हती.